खर्चाची परतफेड आणि देयकांच्या मागण्या : सॉफ्टवेअर कोणत्या क्रमाने आखावे

बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे किंवा होनग्याच्या कारखान्यांत, तसेच निपाणी, चिकोडी आणि खानापूरच्या अनेक संस्थांत खर्चाची परतफेड आजही व्हाउचर-पुस्तकावर चालते. फिरतीवरचा माणूस पावत्या टाचणीत अडकवून आणतो, खातेप्रमुख कोपऱ्यात सही करतात, कॅशियर पैसे मोजून देतो आणि महिनाअखेरीस अकाउंटंट सगळे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवतो. हे काम संगणकावर आणायचे ठरले, की ते बहुधा नुकत्याच रुजू झालेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवले जाते, कारण वरवर पाहता त्यात एक फॉर्म, मंजुरीचे एक बटण आणि एक यादी एवढेच असते. पुढील मार्गदर्शन अशा नवख्या विकसकासाठी आहे. प्रोग्रामिंग येते, पण हिशेबखात्याचा अनुभव नाही, असे त्यात गृहीत धरले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी. पैसे मागणे, मागणी मंजूर करणे आणि पैसे देणे हे तीन स्वतंत्र व्यवहार आहेत. ते तीन वेगळी माणसे तीन वेगळ्या वेळी करतात आणि प्रत्येकाची रक्कम वेगळी असू शकते. हे तिन्ही एकाच नोंदीत कोंबून ‘स्थिती’ नावाच्या एका रकान्यावर भागवण्याचा मोह होतो. तसे केले, तर पहिले बिल अर्धे मंजूर होईल त्या दिवशी आराखडा मोडतो. खाली सांगितलेल्या बहुतेक गोष्टी या एका विभागणीतूनच निघतात.

पहिली पायरी : जुन्या व्हाउचरची फाईल वाचा

कोड लिहिण्याआधी हिशेबखात्यातून दोन महिन्यांच्या फायली मागून घ्याव्यात. एक एखाद्या साध्या महिन्याची आणि दुसरी मार्चची. मार्चच्या फाईलमध्ये घाईने केलेल्या, तारीख मागे टाकलेल्या आणि ‘बिल नंतर देणार’ असा शेरा असलेल्या नोंदी भेटतात, आणि सॉफ्टवेअरला खरा त्रास त्यांचाच होणार असतो. लाल शाईने खोडून बदललेली रक्कम, ‘साहेबांची तोंडी मंजुरी’ हा शेरा, पावतीविना लावलेली हमाली, एकाच व्हाउचरवर दोन माणसांचा खर्च, असे जे जे दिसेल ते वहीत उतरवून घ्यावे. मालकांशी बोलणे आवश्यक असले, तरी नियम प्रत्यक्षात कुठे वाकतात हे कॅशियरलाच ठाऊक असते. त्यामुळे त्यांच्याजवळ अधिक वेळ बसावे.

या वाचनातून मागण्यांचे तीन प्रकार वेगळे होतील. कर्मचाऱ्याने पदरचे पैसे खर्चून नंतर मागणे ही परतफेड. जाण्याआधी घेतलेली रक्कम ही उचल, तिचा हिशेब परतल्यावर द्यायचा असतो. आणि पुरवठादाराला, कंत्राटदाराला किंवा मालवाहतूकदाराला संस्थेने थेट पैसे द्यावेत अशी विनंती ही देयकाची मागणी. पहिल्या दोन प्रकारांत पैसे घेणारा आपला माणूस असतो, तिसऱ्यात बाहेरचा. त्यामुळे मंजुरीचा मार्ग, कर आणि तपासण्या बदलतात. पगार आणि पगारातील भत्ते यात मिसळू नयेत, ते वेतनाच्या प्रणालीतच राहू द्यावेत.

दुसरी पायरी : एक व्हाउचर पूर्ण सोडवून पाहा

उदाहरणासाठी एक फिरती घेऊ. उद्यमबागेतील एका कारखान्याचा फिटर यंत्र दुरुस्तीसाठी दोन दिवस कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत जातो. निघताना त्याने ५,००० रुपये उचल घेतली आहे. परतल्यावर तो असा हिशेब देतो : जाण्यायेण्याचे बसभाडे ३४० रुपये, लॉजचे बिल करासह १,२६० रुपये, दोन दिवसांचा जेवणभत्ता प्रत्येकी ३५० प्रमाणे ७०० रुपये, तिथल्या दुकानातून घेतलेले सील करासह २,३६० रुपये, रिक्षा १८० रुपये आणि हमाली ३०० रुपये. एकूण ५,१४० रुपये होतात. खातेप्रमुख हमालीचे २०० रुपयेच मान्य करतात. म्हणजे मागितलेली रक्कम ५,१४०, मंजूर रक्कम ५,०४०, उचलीतून वळती झालेली रक्कम ५,००० आणि प्रत्यक्ष हाती द्यायची रक्कम ४० रुपये.

‘रक्कम’ या एका नावाखाली इथे चार आकडे आहेत आणि चारही जपावे लागतात. फिटर दोन महिन्यांनी ‘माझे शंभर रुपये कुठे गेले’ असे विचारायला आला, तर पडद्यावर ‘हमाली, मागणी ३००, मंजूर २००, कारण अमुक’ ही ओळ दिसली पाहिजे. म्हणून मंजुरी संपूर्ण व्हाउचरला न देता त्यातील प्रत्येक ओळीला द्यावी आणि कपात केली तर कारण लिहिणे बंधनकारक ठेवावे.

यावरून माहितीसाठ्याचे तक्ते ठरतात. मागणीचे शीर्षपत्रक, म्हणजे कोणी, कधी, कशासाठी आणि कोणत्या खात्यावर मागितले, त्याखाली खर्चाच्या ओळी, प्रत्येक ओळीला जोडलेले पुरावे, प्रत्येक ओळीवरचे निर्णय, उचलीचे खाते, आणि प्रत्यक्ष दिलेल्या पैशांच्या नोंदी. देण्याची नोंद मागणीशी एकास-एक बांधू नये, कारण एका मागणीचे पैसे दोन हप्त्यांत जाऊ शकतात आणि एका माणसाच्या तीन मागण्या एकाच हस्तांतरणात भागू शकतात. त्यांच्यामध्ये वाटपाचा एक छोटा तक्ता ठेवला, की कोणत्या हस्तांतरणातील किती रुपये कोणत्या मागणीपोटी गेले ते स्वच्छ राहते. उचलीतून केलेली वळती हीसुद्धा देण्याचीच एक रीत समजून तिथेच नोंदवावी. मग ५,०४० रुपयांचा हिशेब ५,००० अधिक ४० असा आपोआप जुळतो.

रक्कम साठवताना दशांश अपूर्णांकाचा तरता (फ्लोटिंग पॉइंट) प्रकार कधीही वापरू नये. पैशांत मोजलेला पूर्णांक किंवा माहितीसाठ्यातील नेमका दशांश प्रकार, यांपैकी एकच पद्धत निवडून सगळीकडे पाळावी. दाखवताना लाख-कोटींच्या गटांनी स्वल्पविराम द्यावा. १२५,००० असे लिहिलेले पाहिले, की आपल्याकडच्या कॅशियरचा त्या प्रणालीवरचा विश्वास तिथेच डळमळतो. ते रास्तच आहे.

तिसरी पायरी : स्थिती आणि त्यांचे बदल

मागणीच्या स्थिती मोजक्या ठेवाव्यात : मसुदा, दाखल, परत पाठवलेली, मंजूर, नामंजूर, मागे घेतलेली. पैसे देण्याच्या स्थिती पूर्णपणे वेगळ्या : तयार, बँकेकडे पाठवलेले, निकाल अज्ञात, पोचलेले, परत आलेले. ‘दिले’ ही मागणीची स्थिती नव्हे, वाटपाच्या तक्त्यातील बेरजेवरून काढलेला तो निष्कर्ष आहे. दाखल झालेल्या मागणीतील रक्कम बदलायची असेल, तर ती परत पाठवून नव्याने दाखल करून घ्यावी. मंजुरीनंतर एखादी ओळ, रक्कम किंवा बँक खाते बदलले, तर आधीची मंजुरी आपोआप रद्द झाली पाहिजे.

नोंदी पुसण्याची सोय ठेवूच नये. चूक झाली तर उलटी नोंद घालावी, हा हिशेबाचा जुना नियम इथेही लागू आहे. कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवणे आणि ती बंद करता न येणे बंधनकारक झाले आहे. तुमची प्रणाली हिशेबाच्या नोंदी तयार करत असेल, तर ही सोय पहिल्या दिवसापासून हवी. नंतर बसवायची म्हटली, तर मागच्या बदलांचा इतिहास कुठूनही आणता येत नाही.

चौथी पायरी : मंजुरीचा मार्ग

मंजुरीचे नियम कोडमध्ये गोठवू नयेत. कोणत्या प्रकारच्या खर्चाला, कोणत्या रकमेपर्यंत, कोणाची मंजुरी लागते हे एका तक्त्यात असावे आणि तो हिशेबखात्याला स्वतः बदलता यावा. काही बंधने मात्र कोडमध्येच पक्की हवीत. स्वतःची मागणी कोणालाही स्वतः मंजूर करता येऊ नये, संचालकांनाही नाही. पैसे पाठवण्याची यादी तयार करणारा आणि तिला बँकेत अंतिम मान्यता देणारा, असे दोन वेगळे असावेत. नवा पुरवठादार किंवा बदललेले बँक खाते नोंदवणाऱ्याने त्याच खात्यावरचे पैसे सोडू नयेत.

लहान कारखान्यांत मालक आणि अकाउंटंट एवढीच दोन माणसे असतात, तिथे पाच पायऱ्यांची साखळी बसवून उपयोग नाही. अशा ठिकाणी दोनच पायऱ्या ठेवाव्यात, पण त्या दोघांना एकमेकांची जागा घेता येणार नाही हे पाहावे. परदेशी प्रणाली पाहून प्रत्येक व्हाउचरला चार सह्या लावण्याची हौस अनेकांना होते. त्यातून नियंत्रण वाढत नाही. लोक न वाचता मंजुरी दाबू लागतात.

बदली मंजुरीदाराची सोय मात्र सुरुवातीपासून असावी. गणपतीत किंवा गावच्या जत्रेला अर्धे ऑफिस रजेवर असते आणि उचलीच्या मागण्या नेमक्या त्याच आठवड्यात वाढतात. कोणाच्या जागी कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे आधीच नोंदवता आले पाहिजे आणि निर्णयावर ‘अमुक यांच्या वतीने तमुक’ असे उमटले पाहिजे. ही सोय नसली, की साहेबांचा पासवर्ड कोणाच्या तरी वहीच्या मागच्या पानावर जातो.

पाचवी पायरी : दोन-तीन राज्यांचा कर

सीमाभागातल्या संस्थेचा माणूस सकाळी कर्नाटकात चहा घेतो, दुपारी महाराष्ट्रात काम करतो आणि दुसऱ्या दिवशी चोर्ल्यातून गोव्यात उतरतो. बंगळूरच्या एखाद्या कंपनीला वर्षातून चार वेळा पडणारा प्रश्न आपल्याकडे रोज पडतो. त्यामुळे कराच्या रचनेला इथे जास्त वेळ द्यावा.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्याचे पहिले दोन अंक राज्य सांगतात, कर्नाटक २९, महाराष्ट्र २७, गोवा ३०, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. बिलावरचा क्रमांक टंकताच राज्य ओळखून दाखवावे. आता आपल्या फिटरचे लॉजचे बिल पाहा. निवासाच्या बाबतीत सेवा पुरवठ्याचे ठिकाण म्हणजे ती इमारत जिथे आहे ते ठिकाण, म्हणून कोल्हापुरातील लॉज केंद्राचा कर आणि महाराष्ट्राचा राज्य कर लावतो. बेळगावच्या कारखान्याची नोंदणी फक्त कर्नाटकात असेल, तर या कराची वजावट, म्हणजे खरेदीवर दिलेला कर आपल्याला भराव्या लागणाऱ्या जीएसटीतून वळता करण्याची सोय, त्याला मिळत नाही. १,२६० रुपये सगळेच्या सगळे खर्चात जातात. तेच बिल हुबळीच्या लॉजचे असते, तर वजावटीचा विचार करता आला असता. म्हणून प्रत्येक ओळीवर करपूर्व रक्कम, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि आंतरराज्य कर हे वेगळे रकाने असावेत, आणि त्यांच्यासोबत ‘वजावट पात्र आहे का’ हा स्वतंत्र रकाना असावा. त्याची प्राथमिक किंमत प्रणालीने सुचवावी, पण अंतिम शब्द अकाउंटंटचा ठेवावा.

दुकानदाराने बिलावर जो कर लावला आहे तो जसाच्या तसा उतरवून घ्यावा. आपल्या सूत्राने पुन्हा काढू नये. आपली बेरीज आणि बिलावरची बेरीज जुळली नाही तर इशारा द्यावा, पण आकडा परस्पर बदलू नये. पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर आहेत, आणि जेवणाच्या बिलावरील कराची वजावट एरवी मिळत नाही. त्यामुळे खर्चाच्या प्रकारानुसार करासंबंधीचे नियमही तक्त्यात यायला हवेत.

दर तारखेशी बांधावेत. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर १२ टक्के कर होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला; त्या आठवड्यात फिरतीवर गेलेल्या माणसाची २० तारखेची आणि २५ तारखेची बिले वेगवेगळ्या दराची असणार. व्यावसायिक सेवांच्या शुल्कावरील करकपातीची (टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर कापून घेणे) वार्षिक मर्यादाही १ एप्रिल २०२५ पासून ३०,००० वरून ५०,००० झाली. म्हणून प्रत्येक दराला आणि मर्यादेला ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने द्यावेत. तपासणी बिलाच्या तारखेनुसार करायची की पैसे देण्याच्या, हे त्या त्या नियमावर अवलंबून असते. ते तुमच्या सीएंकडून लिहून घ्यावे.

देयकाच्या मागण्यांत आणखी काही हिशेब चालू ठेवावे लागतात. कंत्राटदाराला एका वेळी ३०,००० रुपयांहून अधिक किंवा वर्षभरात मिळून एक लाखाहून अधिक रक्कम दिली, तर करकपात लागू होते. त्यामुळे पॅनवार वार्षिक बेरीज प्रणालीला ठाऊक हवी. काही अपवाद सोडता, एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर ती रक्कम आयकरात व्यवसायाचा खर्च म्हणून धरली जात नाही. मालवाहतूकदारांसाठी ही मर्यादा ३५,००० आहे. ही तपासणी एका व्हाउचरवर न करता त्या दिवशी त्या व्यक्तीला गेलेल्या सगळ्या रोखीवर करावी, कारण १८,००० चे एक बिल नऊ-नऊ हजारांच्या दोन व्हाउचरांत मोडण्याची कला कोणालाही शिकवावी लागत नाही. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेल्या उत्पादक आणि सेवा पुरवठादारांना लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. ही मुदत माल किंवा सेवा स्वीकारल्यापासून मोजली जाते, म्हणून बिलाच्या तारखेबरोबर स्वीकृतीची तारीखही मागणीच्या फॉर्मवर हवी.

सहावी पायरी : गावे, नावे, भाषा आणि रस्ते

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील अनेक शहरांची इंग्रजी नावे अधिकृतपणे बदलली, पण दुकानदारांची बिलपुस्तके आणि लोकांची सवय दोन्ही नावांनी चालते. त्यामुळे ‘बेळगाव’ आणि ‘बेळगावी’, ‘हुबळी’ आणि ‘हुब्बळ्ळी’ ही दोन गावे म्हणून नोंदली जातात आणि प्रवासखर्चाचा अहवाल दोन ठिकाणी फुटतो. गावांच्या यादीत प्रत्येक गावाला एक संकेतांक द्यावा आणि त्याला हवी तितकी पर्यायी नावे जोडता यावीत, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही लिपींत. खर्चाच्या प्रकारांचेही तसेच : साठ्यात संकेतांक, पडद्यावर वापरणाऱ्याच्या भाषेतील नाव. ज्या ऑफिसात मराठी फिटर, कन्नड स्टोअरकीपर आणि इंग्रजीत पत्रव्यवहार करणारा ऑडिटर एकच यादी पाहतात, तिथे भाषेची निवड प्रत्येक वापरकर्त्याची स्वतःची ठेवावी.

लोक अंक देवनागरीत टंकतील, कन्नडमध्येही टंकतील. प्रणालीने ते स्वीकारून एकाच स्वरूपात साठवावेत. माहितीसाठा पूर्ण युनिकोड स्वीकारतो ना, आणि छापील व्हाउचरवर देवनागरी आणि कन्नड जोडाक्षरे नीट उमटतात ना, हे पहिल्या आठवड्यातच पाहावे. जोडाक्षरे तुटलेली पावती कोणी गांभीर्याने घेत नाही.

आडनाव पाटील असलेली सहा माणसे एका कारखान्यात असणे आपल्याकडे नवल नाही. माणूस ओळखायचा तो कर्मचारी क्रमांकाने, नावाने कधीच नाही. त्याशिवाय बँकेच्या खात्यावर जसे आहे तसे इंग्रजी स्पेलिंगमधील नाव वेगळ्या रकान्यात ठेवावे, कारण बहुतेक बँकांच्या सामूहिक हस्तांतरणाच्या फायली इंग्रजी अक्षरेच स्वीकारतात.

किलोमीटरवर भत्ता देत असाल, तर निघण्याचे आणि पोचण्याचे गाव एवढ्यावर भागत नाही. बेळगावहून पणजीला चोर्ल्यातून जाता येते आणि अनमोडवरूनही. अंतर बदलते, आणि पावसाळ्यात दरड पडली किंवा वाहतूक वळवली, तर एरवीचा रस्ता धरता येत नाही. म्हणून प्रचलित मार्गांची अंतरे यादीत ठेवून ‘मार्ग’ हा रकाना निवडायला द्यावा आणि नेहमीपेक्षा लांबचा मार्ग घेतल्यास एका ओळीत कारण मागावे. संस्थेच्या गाडीचा टोल फास्टॅगमधून संस्थेच्याच खात्यातून जातो, हेही ध्यानात ठेवावे. कोगनोळी किंवा हत्तरगी नाक्याचा तोच टोल चालकाच्या खर्चात पुन्हा येऊ शकतो.

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला मोबाईलला रेंज सगळीकडे मिळत नाही. खर्चाची नोंद आणि पावतीचा फोटो फोनमध्ये आधी साठवून रेंज आल्यावर पाठवता यावा. पेट्रोल पंपाची पावती उष्णतेने छापलेल्या कागदावर असते, ती खिशातल्या खिशात पांढरी पडते. फोटो त्याच जागी काढण्याची सवय लावणारी सोपी सोय हा तुमच्या प्रणालीचा सर्वात वापरला जाणारा भाग ठरेल. खर्चाची तारीख, नोंदीची तारीख आणि दाखल केल्याची तारीख या तिन्ही वेगळ्या साठवाव्यात.

सातवी पायरी : तेच बिल दुसऱ्यांदा

एकच पावती दोनदा येणे हे बहुतेक वेळा लबाडीने होत नाही. गाडीतून दोघे गेलेले असतात, दोघेही फोटो काढतात आणि दोघेही पाठवतात. फोटोंची तुलना करून हे पकडता येत नाही, कारण दोन्ही फोटो वेगळे असतात. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष या तिघांची जोडी तपासावी. नोंदणीकृत व्यावसायिकाचा बिल क्रमांक एका आर्थिक वर्षात पुन्हा येऊ शकत नाही आणि तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नसतो. बिल क्रमांकातील मोकळ्या जागा आणि आडव्या-तिरप्या रेघा काढून तुलना करावी. जीएसटी क्रमांक नसलेल्या साध्या पावतीसाठी तारीख, रक्कम आणि गाव जुळल्यास फक्त इशारा द्यावा, अडवू नये; एकाच दिवशी १८० रुपयांच्या दोन रिक्षा होऊ शकतात.

आठवी पायरी : प्रत्यक्ष पैसे पाठवणे

इथली चूक सर्वात महाग पडते, त्यामुळे हा भाग शेवटी आणि सावकाश करावा. पहिल्या आवृत्तीत बँकेशी थेट जोडणी करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मंजूर मागण्यांची यादी करून बँकेच्या नमुन्यात फाईल तयार करावी, ती अकाउंटंटने बँकेच्या संकेतस्थळावर चढवावी आणि बँकेकडून आलेला निकाल प्रणालीने परत वाचावा. काही महिने हे सुरळीत चालले, की जोडणीचा विचार करावा.

हस्तांतरणाचा प्रकार रकमेवरून सुचवता येतो. आरटीजीएस किमान दोन लाखांचे असते, त्याखालची रक्कम एनईएफटीने जाते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे. तरी एनईएफटी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या तुकड्यांत जाते, म्हणून ‘पाठवले’ आणि ‘पोचले’ यांत अंतर राहते आणि खाते बंद असेल किंवा क्रमांक चुकला असेल तर रक्कम परत येते. परत आलेल्या रकमेची मागणी आपोआप पुन्हा पाठवू नये. कारण तपासून, खाते दुरुस्त करून, दुरुस्तीला मान्यता घेऊन मगच नवी नोंद करावी.

‘पाठवा’ हे बटण दोनदा दाबले तरी पैसे एकदाच गेले पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक हस्तांतरणाला, ते बँकेकडे जाण्यापूर्वीच, एक न बदलणारा संदर्भ क्रमांक द्यावा आणि तो माहितीसाठ्यात अद्वितीय ठेवावा. बँकेकडून वेळेत उत्तर आले नाही, तर ते अयशस्वी समजू नये. ‘निकाल अज्ञात’ अशी स्वतंत्र स्थिती ठेवून आधी बँकेकडे चौकशी करावी. उत्तर न आल्यावर लगेच पुन्हा पाठवणे हे दुहेरी देण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. निकाल आला, की बँकेचा यूटीआर क्रमांक, म्हणजे त्या हस्तांतरणाचा ओळख क्रमांक, नोंदवावा. एनईएफटीचा सोळा आणि आरटीजीएसचा बावीस अक्षरांचा असतो, म्हणून रकाना संख्येचा न ठेवता अक्षरांचा ठेवावा. आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा संकेतांक, अकरा अक्षरांचा असून त्यातले पाचवे अक्षर शून्य असते. एवढी तपासणी फॉर्मवरच करता येते, आणि शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टंकण्याची चूक तिथेच पकडली जाते.

बँक खाते बदलण्याची विनंती ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने आली, तर आधीपासून नोंदलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलून खात्री केल्याशिवाय ती लागू होऊ नये, आणि कोणी कोणाशी कधी बोलले हे नोंदवण्याचा रकाना असावा. पुरवठादाराच्या नावाने खोटा संदेश पाठवून पैसे वळवण्याचे प्रकार याच वाटेने होतात. शेवटी दररोज बँकेचे विवरण आणि प्रणालीतील नोंदी यांचा ताळमेळ घालणारा पडदा हवा. न जुळलेल्या ओळी वर, जुळलेल्या खाली.

नववी पायरी : टॅली, जपणूक आणि गोपनीयता

टॅलीत नोंदी पाठवताना प्रणालीतील खर्चप्रकार आणि टॅलीतील खाती यांची जुळणी एका तक्त्यात ठेवावी. निर्यात झालेल्या मागणीवर तशी खूण करावी, म्हणजे ती दुसऱ्यांदा जाणार नाही. मार्चमधील खर्च एप्रिलमध्ये दाखल झाला, तर तो कोणत्या वर्षात धरायचा हे अकाउंटंटला ओळीवरच ठरवता यावे. जीएसटीच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने आणि कंपनीची हिशेबाची पुस्तके आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात, म्हणून पावत्यांचे फोटो विकसकाच्या संगणकावर किंवा कोणाच्या वैयक्तिक ड्राइव्हवर ठेवू नयेत. औषधोपचाराची बिले परतफेडीसाठी येत असतील, तर ती मंजुरीदार आणि हिशेबखाते यांच्याखेरीज कोणाला दिसू नयेत.

दहावी पायरी : चाचणी आणि सुरुवात

चाचणीसाठी पहिल्या पायरीत वाचलेली जुनी व्हाउचरे वापरावीत, नावे बदलून. फिटरचे ते ४० रुपयांचे व्हाउचर, उचलीपेक्षा कमी खर्च होऊन रक्कम परत करावी लागलेले एखादे, कोल्हापूर आणि हुबळी दोन्हीकडची लॉजबिले असलेले एखादे, बदली मंजुरीदाराने सोडलेले एखादे, आणि बँकेतून परत आलेले एखादे. या प्रत्येकाचा कागदावरचा निकाल आधी अकाउंटंटकडून लिहून घ्यावा आणि मग प्रणालीचा निकाल त्याच्याशी ताडून पाहावा.

सुरुवात एकाच खात्यापासून करावी, शक्यतो सर्वात जास्त फिरती असलेल्या विक्री किंवा सेवा विभागापासून. पहिला महिना कागद आणि संगणक दोन्ही चालू ठेवावेत, आणि महिनाअखेरीस दोन्हीकडच्या बेरजा व्हाउचरनिहाय जुळवाव्यात. मार्चमध्ये किंवा गणपतीच्या तोंडावर ही सुरुवात करू नये. बेरजा जुळल्या, की त्या खात्याचे व्हाउचर-पुस्तक कॅशियरकडे जमा करून शेवटच्या वापरलेल्या पानाचा क्रमांक प्रणालीत नोंदवावा, म्हणजे त्यानंतरच्या पानावर कोणी मागणी आणली तर ती कुठून आली हे विचारता येईल. आणि मगच पुढच्या खात्याकडे वळावे.